सायकल आणि तीन ऋतू

बारामती-इंदापूर पट्ट्यात वाड्यावस्त्यांवरून सायकलने शाळेत येणाऱ्या मुलामुलींच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो. परंतु ती जिद्द बारमाही टिकायची असेल, तर तिला व्यवस्थेचा आधार हवा.

हा अवर्षणप्रवण प्रदेश. उन्हाळ्यात डोक्याला रुमाल, सोबत पाणी आणि सकाळची शाळा एवढ्याने प्रवास सुसह्य होतो. पावसाळ्यात पाऊस थोडा, पण काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये अडकून चाक फिरू देत नाही. शिवाय पश्चिमेचा वारा इंदापूरकडे जाताना साथ देतो, बारामतीकडे येताना छातीवर घ्यावा लागतो. त्या दिवसांत दहा मिनिटांचा उशीर अपराध मानू नये. हिवाळ्यात थंडीपेक्षा मोठे भय ऊस वाहतुकीचे. गळीत हंगामात माळेगाव, भवानीनगर परिसरात पहाटेच्या अंधारात उभी असलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली सायकलस्वाराला जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

म्हणून ऊस उत्पादक पालकांनी ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घ्यावेत, माजी विद्यार्थ्यांनी शाळेला हवेचा पंप व पंक्चरचे साहित्य द्यावे, एका वाटेच्या मुलांनी गटाने निघावे. वाट असुरक्षित वाटू लागली, की बहुधा आधी मुलीचेच शिक्षण थांबविले जाते. ते थांबू न देणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.