गृहविचार : नौकेवरचा मुक्काम आणि स्नान

नौकाविहाराचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें शुभ्र शिडें आणि निळें पाणी उभें राहतें. न्हाणीघराची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आम्हांसही झाली नव्हती. गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या वाइट बेटाच्या किनाऱ्यानें आम्ही शिडाच्या नौकेंतून आठवडाभर हिंडलों, तेव्हां या विस्मरणाचें फळ घरच्या वडील मनुष्यास भोगावें लागलें. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

नौका ३४ फुटी. माणसें पांच, त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाई. टांकींत गोडें पाणी सुमारें २०० लिटर. माणशी एक बादली, म्हणजे १५ लिटर, धरली तरी पांचांच्या स्नानास रोज ७५ लिटर लागावयाचे. स्वयंपाक व पिणें निराळेंच. दोन दिवसांत टांकी तळास गेली! भोवतीं समुद्र असून उपयोग नाहीं. त्यांतील क्षारांमुळें साबणास धड फेस येत नाहीं, आणि अंगावर वाळलेलें मीठ हवेंतील ओल धरून खाज आणतें.

दुसरी रात्र आम्हीं न्यूटाउनच्या खाडींत नांगर टाकून काढली. पक्ष्यांसाठीं राखलेली ती जागा मोठी रम्य. पण तेथें न्हाणीघर नाहीं. सकाळीं आत्याबाईंनीं चहा नाकारला. "भूक नाहीं," एवढेंच म्हणाल्या. खाडीचें तोंड उथळ, म्हणून भरती येईपर्यंत निघतां येईना. दुपारीं धाकट्या मुलीनें आमच्या कानांत सांगितलें, "आजीनें स्नान केलें नाहीं, म्हणून ती जेवत नाहीं. उरलेलें पाणी तुम्हां मुलांना प्यायला राहूं दे, म्हणते." आम्हांस फार लाज वाटली.

वारा पडल्यामुळें मरीना, म्हणजे नौकांचा बांधीव तळ, गांठावयास सायंकाळचे सात वाजले. न्हाणीघर होतें, ऊन पाणीही होतें. परंतु दारास आंकड्यांचें कुलूप, आणि ते आंकडे देणारी कचेरी बंद! शेजारच्या नौकेवरील एका वृद्ध बाईंनीं आत्याबाईंच्या हातांतील धूतवस्त्र पाहिलें, कांहीं न विचारतां त्यांस सोबत नेलें, आणि त्या बाहेर येईपर्यंत दाराशीं उभ्या राहिल्या.

रात्रीं वरणभात वाढतांना आम्हीं पांडित्य केलें : धर्मशास्त्रांत स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत, मंत्रानें, भस्मानें, नुसत्या मनानेंही स्नान घडतें! आत्याबाई हंसून म्हणाल्या, "तीं स्नानें अडलेल्यांसाठीं, बाबा, विसरलेल्यांसाठीं नव्हेत."

या प्रवासास जाणाऱ्यांनीं एक रात्र नांगरावर काढल्यास दुसरी मरीनांत काढावी व तेथें टांकी भरून घ्यावी. ब्रिटनमध्यें अनेक मरीनांशीं रेडिओच्या ८० क्रमांकाच्या वाहिनीवर बोलतां येतें. पोहोंचण्यापूर्वींच विचारावें : कचेरी किती वाजतां बंद होते, कुलपाचे आंकडे कोण देतो, ऊन पाण्यास नाणें लागतें कीं तें मुक्कामाच्या भाड्यांतच येतें? सकाळीं आठानंतर रांग लागते, म्हणून वडिलांस तत्पूर्वींच न्यावें. ओल्या फरशीवर पाय घसरतो, यासाठीं न घसरणाऱ्या चपला व आधारास एक माणूस बरोबर असावा.

आणि या सर्वांआधीं एक प्रश्न घरच्या वडील माणसास विचारावा : "आपलें स्नान झालें का?" तो विचारावयास रेडिओ लागत नाहीं.