लाल अक्षरे पुसू नका

हल्ली कॉलेजातल्या मुलींबरोबर त्यांच्या आयाही हौसेने पायथन शिकू लागल्या आहेत. पहिले आठ दिवस मजेत जातात. मग एके दिवशी पडद्यावर लाल अक्षरांच्या चार-सहा ओळी उमटतात आणि, ‘माझ्याच्याने नाही हो व्हायचं हे!’ म्हणून बाई हात आखडून बसते.

अहो, ती तक्रारीची चिठ्ठी आहे. फक्त ती खालून वर वाचायची. अगदी शेवटी चुकीचा प्रकार असतो आणि त्याच्या वर, गाडी कितव्या ओळीपाशी अडली तो आकडा.

समजा, बचत गटाच्या हप्त्यांची बेरीज करायची आहे. प्रत्येकीने लिहिलेला मजकूर ‘इंट’ने संख्येत बदलून घेतला. (गंमत म्हणजे देवनागरी २०० सुद्धा त्याला कळतात!) पण एकीने ‘२०० रु.’ असे लिहिले, की लगेच ‘व्हॅल्यूएरर’.

इथे कुणीतरी सोपा उपाय सुचवतेच. ‘ट्राय’ लावा, खाली ‘एक्सेप्ट’ आणि ‘पास’ लिहा. लाल अक्षरे गायब! प्रोग्राम निमूट शेवटपर्यंत जातो. मात्र ‘२०० रु.’ लिहिणारीचा हप्ता बेरजेत धरलाच जात नाही. पैसे भरूनही ती कागदावर थकबाकीदार, आणि चारचौघींत विचारणा होणार तिलाच. असला उपाय मला तरी मुळीच पसंत नाही.

‘एक्सेप्ट’पुढे ‘व्हॅल्यूएरर’ हे नाव घालाच. बिननावाचा ‘एक्सेप्ट’ सगळ्याच चुका गिळतो. एखादे नाव तुम्ही टाइप करताना चुकलात, तरी तो ब्र काढत नाही. ‘ट्राय’च्या पोटात फक्त आकडा बदलण्याची ओळ ठेवा. ‘पास’च्या जागी त्या बाईचे नाव आणि तिने काय लिहिले ते पडद्यावर छापा, अन् ‘व्हाइल’ लावून आकडा पुन्हा विचारा. चार ओळी वाढतील, वाढू द्यात.

आणखी एक. काही चुका लाल अक्षरे न दाखवताच होतात. ‘इनपुट’ने घेतलेला आकडा हा मुळात मजकूरच असतो. तो न बदलता २०० आणि ३०० मिळवलेत, तर उत्तर येईल २००३००! दोन हप्त्यांत ही गफलत डोळ्यांत भरते, पण मोठ्या हिशेबात दडलेल्या चुका सहजी दिसत नाहीत. तेव्हा आधी दोन-तीनच नावे घालून बघावे आणि ती बेरीज वहीत हाताने करून ताडून घ्यावी.