चोरीची पेन्सिल

मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या वार्षिकांकाचं मुखपृष्ठ नववीच्या मुलींनी करायचं ठरलं. अंक अर्धा उर्दू, अर्धा मराठी. मुलींची कल्पना अशी की शाळेच्या इमारतीचा फोटो पेन्सिलीने काढलेल्या चित्रासारखा दिसावा आणि त्यावर दोन्ही लिप्यांत नाव यावं. मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर फोटोशॉप आहे, दहा मिनिटांचं काम. एकीने विचारलं, "सर, वो तो महँगा आता है ना? आपने ख़रीदा?" मी हसत म्हणालो, "ख़रीदा नहीं, क्रॅक डाला है." ती थोडी थांबली आणि म्हणाली, "क्रॅक मतलब चोरी ही हुई ना, सर?"

या मुलीच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. माप कमी देणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरह आहे, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती तराजूच्या घरात वाढली होती. मी बी.एड. झालेला, अमानतीवर निबंध लिहून घेणारा मास्तर. मला उत्तर सुचलं नाही. सात-आठ वर्षं मी शाळेचे फलक, ईद मिलनाच्या पत्रिका, निकालाच्या अभिनंदनाचे बॅनर या चोरीच्या सॉफ्टवेअरवर केले होते. ते टाकून देणाऱ्या क्लासवाल्याने मला एकच सूचना दिली होती, "इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा." रात्री दाराची कडी काढून झोपा असं कुणी सांगितलं तर आपण त्याला घरात घेणार नाही. त्याला मात्र मी चहा पाजला होता.

आपल्या समाजाला मी स्पष्टच विचारतो. बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक आपण चष्मा लावून वाचतो. जिलेटीन कशाचं आहे, याची चौकशी करतो. बँकेच्या व्याजाचा हिशेब वेगळा ठेवणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. मग जलशाचं पोस्टर, मदरशाच्या देणगीची पावती, निकाहाची पत्रिका चोरीच्या हत्याराने बनते तेव्हा आपली चौकशी कुठे जाते? आणि हे फक्त मुसलमानांना लागू नाही. गणेश मंडळाचा फ्लेक्स आणि उरुसाचा फ्लेक्स गावात बहुधा एकाच दुकानात, एकाच क्रॅकवर तयार होतो. एवढ्या बाबतीत आपली एकी पक्की आहे!

कायदाही संदिग्ध नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ब सांगतं की चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणं गुन्हा आहे. सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. पण शाळेत मला पोलिसांची भीती नाही वाटत. मला भीती वाटते ती माझ्या समोर बसलेल्या चाळीस मुलींची, ज्या मी काय करतो ते बघून शिकतात.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं : कंपनी श्रीमंत आहे, तिचं काय जातं? हे उत्तर किराणा दुकानदाराच्या मुलीला देऊन बघा. दुसरं : गरिबाने करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर तर जवळजवळ तीस वर्षं आपल्यासमोर पडलेलं आहे. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या अमेरिकेतल्या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प हे चित्रसंपादनाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि १९९६ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. त्याचा परवानाच असा आहे की ते वापरा, त्याची प्रत काढा, दुसऱ्याला द्या, आतला कोड उघडून बदला. रेषाचित्रांसाठी इंकस्केप आहे, रंगवण्यासाठी क्रिता आहे.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं : फुकटातलं ते दुय्यमच असणार. एरवी "फुकट ते पौष्टिक" म्हणणारे आपण, इथे मात्र फुकट नको, चोरलेलं हवं! तर आमच्या मुलींनी गिम्पमध्ये काय केलं ते ऐका.

फोटो उघडून आधी त्यातले रंग काढले, म्हणजे डिसॅच्युरेट केलं. त्या थराची दुसरी प्रत काढली. वरची प्रत इन्व्हर्ट केली, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मग त्या थराचा मोड 'डॉज' केला. आणि सगळा फोटो गायब! पडद्यावर कोरा पांढरा कागद. मुली घाबरल्या, "सर, बिगड़ गया!" बिघडलं नव्हतं, गणित झालं होतं. प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. डॉज मोड खालच्या आकड्याला, वरचा आकडा २५५ मधून वजा करून जे उरतं त्याने भागतो. वरची प्रत उलटी असल्यामुळे उरतो तोच खालचा आकडा. स्वतःला स्वतःने भागलं की एक. एक म्हणजे इथे पूर्ण पांढरं. आता वरच्या थराला गॉसियन ब्लर दिला. प्रत्येक ठिपक्यात शेजाऱ्यांची सरासरी मिसळली. सपाट भिंत पांढरीच राहिली, पण जिथे उजेड-अंधार एकदम बदलतो तिथे, खिडकीच्या कडेला, जिन्याच्या पायरीवर, भागाकार एकाच्या खाली आला आणि राखाडी रेघ उमटली. पेन्सिलीची रेघ.

गणितात कायम घाबरणाऱ्या एका मुलीने हा भागाकार फळ्यावर करून दाखवला. मी भाषेचा मास्तर, मीही त्या दिवशीच समजून घेतला. इतकी वर्षं दुसऱ्याने दिलेलं बटण मी नुसतं दाबत होतो. आज मोबाइलवर एका टिचकीत असं चित्र मिळतं हे मुलींनाही ठाऊक आहे. पण टिचकीने रेघ येते, ती का आली हे कळत नाही.

मग अक्षरं. उर्दू नाव नोटो नस्तालीक उर्दू फॉन्टमध्ये, मराठी नाव मुंबईच्या एक टाइपने केलेल्या मुक्त फॉन्टमध्ये. दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे. गिम्पमध्ये उर्दू उजवीकडून डावीकडे नीट चालली, नुक्ते जागेवर, मराठी जोडाक्षरं शाबूत. उर्दू अक्षरांच्या आकाराची निवड करून, तिचा मास्क वाचनालयाच्या फोटोवर लावला. अक्षरांच्या आत पुस्तकांचं कपाट दिसू लागलं.

उणिवाही सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल. छापखान्याला लागणाऱ्या सीएमवायके रंगांच्या बाबतीत गिम्प अजून कमी पडतं. त्या टप्प्यासाठी आम्ही स्क्रायबस वापरलं. लॅबमधल्या जुन्या मशीनवर मोठा फोटो रेंगाळतो. आणि एखाद्या स्टुडिओत नोकरीला लागलात तर तिथलं सॉफ्टवेअर शिकावं लागेल. जरूर शिका, ते विकत घेतलेलं असेल तर. थर, मास्क, मोड यांची समज तुमच्यासोबत तिथेही येईल.

केरळने सरकारी शाळांच्या आयटी शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर कधीच आणलं. तिथल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत गिम्प आणि इंकस्केपचे धडे आहेत. आपल्याकडे संस्थाचालक इमारतीला रंग देतात, कमान उभारतात, लॅबचं उद्घाटन करतात, आणि आत काय चालतं ते कुणी विचारत नाही. विचारा. पालक म्हणून क्लासवाल्याला विचारा की मुलाला शिकवता ते सॉफ्टवेअर कुठून आणलं. मशिदीच्या आणि शाळेच्या कमिट्यांनी फ्लेक्सवाल्याला विचारावं.

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्या मुलींना मी गिम्प पेनड्राइव्हवर दिलं. वर्गात, सगळ्यांसमोर, दार उघडं ठेवून. क्रॅकची सीडी मी अशी कधीच देऊ शकलो नसतो. जिने प्रश्न विचारला होता, तिने पेनड्राइव्ह घेताना पुन्हा खात्री करून घेतली, "ये दूसरों को दे सकते ना, सर?" म्हटलं, "दे सकते, बेटा. जितनों को चाहो."