आशाताईंची संख्या पुरेशी. पण अंतराचे काय?

हजार लोकसंख्येमागे एक आशा, हे सूत्र कागदावर सगळीकडे सारखेच दिसते. २०११च्या जनगणनेचे आकडे घेऊन ते जमिनीवर मांडले की फरक कळतो. महाराष्ट्रात सरासरीने हजार माणसे पावणेतीन चौरस किलोमीटरमध्ये राहतात. चंद्रपूर जिल्ह्यात त्यासाठी पाच चौरस किलोमीटर लागतात, गडचिरोलीत साडेतेरा. त्यातही चंद्रपूरची सरासरी शहराने आणि कोळसा पट्ट्याने फुगवलेली. जिवतीच्या डोंगरातले गणित वेगळेच. मधल्या जंगलात कोणी राहत नाही हे खरे, पण आशाताईला ते ओलांडावे लागतेच.

आता कामाचा हिशोब. दवाखान्यात बाळंतपण झाले तर घरी आलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या, घरी झाले तर सात. पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच. जन्मदर हजारी १५ धरला, तर एका आशेच्या वाट्याला वर्षाला सुमारे १६५ गृहभेटी येतात. गरोदर माता, लसीकरण, क्षयरोगाचे औषध आणि हिवतापाची रक्ततपासणी याशिवाय. मोठ्या सलग गावात या भेटी दोन-चार गल्ल्यांत उरकतात. एटापल्ली किंवा भामरागडात त्याच १६५ भेटींसाठी वेगवेगळ्या टोल्यांची पायपीट असते. मोबदला भेटीवर मिळतो, वाटेत गेलेला वेळ कुठल्याच रकान्यात नसतो.

घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीतच घडली, हे विशेष. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून हे काम केले. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आला; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि २०११ पासून देशभर आशांकडे हे काम आले. त्या प्रयोगाचे श्रेय प्रशिक्षणाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक जन्म आणि मृत्यूची नोंद ठेवणारी, ती गावात जाऊन तपासणारी व्यवस्थाही तिथे होती. देशभर पसरताना भेटींचे वेळापत्रक पोहोचले, तपासणीचा काटेकोरपणा तितका पोहोचला नाही.

खरे तर नियमातच वाट आहे. आदिवासी, डोंगराळ भागात कामाचा भार पाहून पाड्यागणिक एक आशा देता येते. अडचण एवढीच की भार दाखवायचा कशाने? मासिक अहवालात मंजूर पदे किती, भरलेली किती, हे असते. पद भरलेले दिसते. मिरची तोडणीला तेलंगणात गेलेल्या कुटुंबांतली बाळंतीण त्या महिन्यात कुठे होती, हे दिसत नाही. हिवताप पावसाळ्यात वाढतो आणि रस्ते तेव्हाच बंद होतात, म्हणजे काम सर्वाधिक आणि पोहोच सर्वात कमी. वर्षाच्या सरासरीत हे महिने बुडून जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच डोक्यांऐवजी कामाच्या तासांवरून मनुष्यबळ ठरवण्याची रीत मांडली: एका कामाला किती वेळ लागतो, वर्षात अशी कामे किती, आणि कर्मचाऱ्याला प्रत्यक्षात वेळ किती. गडचिरोलीसाठी त्यात प्रवासाचा वेळ मोजणे हाच कळीचा भाग ठरेल. त्याला नवे ॲप नको. (आशाताईंच्या मोबाइलवर ॲपची गर्दी आधीच पुरेशी आहे.) मोबदल्याच्या दाव्यात भेटीची तारीख आणि घर असतेच, टोल्याचे अंतर गटप्रवर्तकांना तोंडपाठ असते. दोन्ही एका कागदावर आणले, तर कोणत्या टोल्याला तिसऱ्या दिवसाची भेट सातव्या दिवशी मिळते, हे तालुका पातळीवरच कळेल.

नवी आशा नेमताना हा कागद समोर असेल, तर पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटण्याआधी पलीकडच्या टोल्यात कोण आहे, याचे उत्तर जूनमध्येच देता येईल.