आजारी लेकराच्या उशाशी बसणाऱ्यांचे काय?

शिर्डीत उतरले की दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या काचांवर, लॉजच्या भिंतींवर दोन शब्द दिसतात : श्रद्धा आणि सबुरी. यातली सबुरी म्हणजे आपल्या घरात रोज बोलला जाणारा ‘सब्र’च. अरबी-फारसीतून आला आणि मराठी होऊन गेला. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मुलांना हे सांगायला मला आवडते.

पण गेल्या पावसाळ्यात माझी चार वर्षांची धाकटी मुलगी न्यूमोनियाने अकरा दिवस दवाखान्यात होती. ‘सब्र कर बेटा’, ‘तू आई आहेस, सब्र ठेव’ हे त्या दिवसांत मी इतक्या तोंडून ऐकले की मनात एकच प्रश्न राहिला. सब्र आईने करायचा हे ठरलेले आहे. पण तिला तो करता यावा म्हणून लागणारी सोय कोणी करायची?

पहिले चार दिवस मुलगी अतिदक्षता विभागात आणि आम्ही दाराबाहेर. दिवसातून दोनदा दहा मिनिटे भेट. आतून ‘अम्मी’ अशी हाक आली तरी उठून जाता येत नव्हते. वॉर्डात आणल्यावर तिला खाट आणि मला प्लास्टिकचे स्टूल. रात्री वॉर्डात फक्त आई थांबणार, म्हणून तिचे अब्बा पार्किंगमध्ये चादर अंथरून झोपायचे. सही करायचे कागद इंग्रजीत. मी बी.एड. झालेली बाई, तरी दोन कागदांवर नेमके काय लिहिले आहे ते मला नर्सला विचारावे लागले. डॉक्टर आणि नर्स मेहनती होते, माझी मुलगी बरी होऊन घरी आली, त्याबद्दल अल्लाहचे शुक्र आणि त्यांचे आभार. प्रश्न माणसांचा नाही, व्यवस्थेत आई-बापांचा हिशेबच धरलेला नाही, हा आहे.

शेजारच्या खाटेवर राहात्याकडच्या पेरूच्या बागेत मजुरी करणाऱ्या एका ताईंचा मुलगा होता. त्याचे उपचार सरकारी योजनेत मोफत चालले होते. पण ताईंचा रोज बुडत होता, घरी सहा वर्षांची मुलगी शेजाऱ्यांकडे ठेवलेली होती, आणि दोन वेळचे जेवण विकत घ्यावे लागत होते. सहाव्या दिवशी, डॉक्टर नको म्हणत असताना, स्वतःच्या जबाबदारीवर अंगठा देऊन त्या मुलाला घरी घेऊन गेल्या. मला रजा होती, पगार चालू होता, म्हणून मी अकरा दिवस थांबू शकले. त्यांचा सब्र माझ्यापेक्षा कमी होता असे कोण म्हणेल?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दाखल रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एका वेळचे भाडे धरलेले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण चार वर्षांचा रुग्ण एकटा दाखल होत नसतो. त्याच्यासोबत आई दाखल होते, आणि बाहेर बाप. त्यांचे जेवण, झोप आणि मजुरी कुठेच मोजलेली नाही.

हे अशक्य आहे असेही नाही. तीव्र कुपोषित मुलांसाठी जी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत, तिथे मुलासोबत थांबणाऱ्या आईला जेवण मिळते आणि बुडीत मजुरीही दिली जाते. आई थांबली तरच मूल उपचार पूर्ण करेल, हे सरकारला तिथे मान्य आहे. मग न्यूमोनिया, मेंदूज्वर, हृदयाचे किंवा किडनीचे आजार यांतल्या मुलांच्या आईने काय वेगळे करायचे असते? तोच नियम गंभीर आजारी असलेल्या प्रत्येक लहान मुलासाठी लागू करावा, ही माझी साधी मागणी आहे.

‘वॉर्डात गर्दी झाली की संसर्ग वाढतो’ असे सांगितले जाते. गर्दीबद्दल ते खरेच आहे. पण हात धुऊन, समजावून घेऊन बसलेली एक आई म्हणजे गर्दी नव्हे. इंग्लंडमध्येही एके काळी आजारी मुलांना भेटायला आई-वडिलांना ठरावीक वेळाच असत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने दवाखान्यात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रफीत काढली. १९५९ च्या प्लॅट समितीने मुलांना केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलांसोबत आईच्या राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली. आपल्याकडेही २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवजात बाळांच्या विभागासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आई-वडिलांना हात धुणे, दूध पाजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवून उपचारात सामील करून घ्यावे, असे त्या सांगतात. वाट दाखवलेली आहे, चालायचे बाकी आहे.

राहण्याच्या सोयीचे म्हणाल, तर मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा ही गाडगेबाबांची शिकवण आहे. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून मोफत घरे चालवते. आणि शिर्डी तर बाहेरगावच्या माणसाला जेवू घालणारे, झोपायला जागा देणारे गाव. संस्थानची रुग्णालये इथे आहेत, प्रसादालयात रोज हजारो लोक जेवतात. गावाची ही रीत तालुक्या-तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली तर किती आया मुलाचे उपचार अर्धवट सोडणार नाहीत.

सरकारकडे मागतानाच आपल्या जमातीशीही बोलायला हवे. इयादत म्हणजे आजाऱ्याला भेटणे, याचे सवाब आपण सगळे जाणतो. पण दहा जण एकदम जाऊन, बिस्किटाचा पुडा ठेवून, कोणाच्या मुलाचे काय झाले ते सांगून येणे ही इयादत नव्हे. मशिदीच्या कमिटीने एवढेच करावे : दवाखान्यात कोणाचे मूल आहे याची नोंद ठेवावी. रोज एका घरातून डबा जावा. एका बाईने दोन तास मुलाजवळ बसावे, म्हणजे आईला अंघोळ आणि झोप मिळेल. घरी राहिलेल्या भावंडांना कोणीतरी शाळेत सोडावे. कागद वाचू शकणाऱ्या एका तरुणाने योजनेच्या खिडकीवर सोबत उभे राहावे. जकात औषधांसाठी आपण देतो. तिच्या हकदारांत कर्जदार आहे, मुसाफिरही आहे. गाव सोडून पार्किंगमध्ये झोपणारा गरीब बाप त्यांत बसतो का, हे आपल्या उलमांना विचारायला काय हरकत आहे? आणि डबा देताना आडनाव विचारू नये. शेजारच्या खाटेवरच्या आईलाही तितकीच भूक लागते.

पुढच्या जुम्म्याला नमाजीनंतर पाच मिनिटे या विषयाला द्या. आपल्या गावापासून जवळच्या बालरुग्ण विभागात आज रात्री किती आया स्टुलावर बसून आहेत, एवढी चौकशी केली तरी काम सुरू होईल.