मिनिटभर स्वतःसाठी

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमधल्या एक काकू. पाळी जाऊन चार वर्षं झाली, तरी अधूनमधून लाल जायचं. 'या वयात काय सांगायचं कुणाला?' म्हणून गप्प बसल्या. सुनेच्या लक्षात आलं, तोवर गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बराच पुढे गेला होता.

मैत्रिणींनो, हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. जिच्यात ठाण मांडतो, तिला काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. लहान वयात लग्न, जास्त बाळंतपणं आणि तंबाखू यांनी धोका वाढतो. लग्न झालेल्या कुणालाही हा विषाणू गाठू शकतो, मग लाज कसली?

याच मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या बायकांची तपासणी केली. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबून पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. एवढ्याने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले! डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही. पण पुढची तपासणी करून वेळीच उपचार होतात.

तिशीनंतर काही त्रास नसला तरी सरकारी दवाखान्यात या तपासणीची चौकशी करा. लेकीला ९ ते १४ या वयात लस द्या. लस घेतली तरी पुढे तपासणी हवीच. अंगावरून लाल किंवा घाण वास येणारं पाणी जात असेल, तर थांबूच नका.

घरातल्या सगळ्यांची दुखणी आपण काढतो. स्वतःचं मात्र अंगावर का काढायचं?