बिनतारी हेडसेट व संगणक यांची गांठ

मुलासाठीं बिनतारी हेडसेट विकत आणला, मोबाइलवर तो उत्तम वाजतो, परंतु संगणकाशीं त्याचें कांहीं केल्या जुळत नाहीं, अशी तक्रार हल्लीं आपल्या वाशीम जिल्ह्यांतील पालकांच्या तोंडून ऐकूं येते. मग दुकानदारास बोल लागतो, संगणकास बोल लागतो, आणि अखेरीस ती वस्तु कपाटांत धूळ खात पडते. आमच्या मतें बहुतेक प्रसंगीं वस्तु निर्दोष असते. तिचें काम कसें चालतें हें घरांत कोणासच कोणीं शिकविलेलें नसतें, हीच खरी अडचण होय.

हा प्रश्न चैनीचा आहे असें कोणी समजूं नये. २०२० सालच्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हांपासून पडद्यासमोर बसून शिकणें व परीक्षकांस उत्तरें देणें आपल्या अंगवळणीं पडलें. मानोरा किंवा रिसोड तालुक्यांतील विद्यार्थ्यास पुण्याची मुलाखत प्रवासखर्चावांचून घरीं बसून देतां येते, हा लाभ कांहीं थोडाथोडका नव्हे. परंतु एकाच खोलींत स्वयंपाक, टी. व्ही. व धाकटीं भावंडें असतां हेडसेटवांचून त्याचा निभाव लागणें कठीण. ऐन वेळीं त्याचा आवाज पलीकडे पोहोंचलाच नाहीं, तर त्याची हुशारी कोणास कळणार?

बिनतारी ऐकणें महाराष्ट्रास नवीन नाहीं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या साध्या स्फटिकयंत्रावर ऐकावयाचें तर कानांवर श्रवणयंत्र चढवावें लागे. लहरी बिनतारी, पण कानापर्यंत तार होतीच! नभोवाणी मात्र गांवच्या दवंडीसारखी आहे. ज्यास कान आहेत त्यानें ऐकावें. ब्लूटूथची रीत निराळी. त्यांतील दोन यंत्रें परस्परांशींच बोलतात, आणि म्हणून आधीं त्यांची ओळख करून द्यावी लागते. या विद्येचा आरंभ स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत १९९४ साली झाला, व पुढें तिला दहाव्या शतकांतील हाराल्ड या डॅनिश राजाचें टोपणनांव मिळालें. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास ७९ अरुंद वाटा कल्पून हीं यंत्रें सेकंदास १६०० वेळां एका वाटेवरून दुसरीवर उडी मारतात. कोणती उडी केव्हां, हें दोघांसही ठाऊक असावें लागतें. अनोळखी यंत्रास ती लय सांपडत नाहीं.

एवढें समजलें कीं अर्धे कोडें सुटतें. हेडसेटचें बटण दाबून दिवा लागला म्हणजे तो ओळखीस तयार झाला, असें नव्हे. बटण कांहीं सेकंद दाबून धरावें, दिवा भराभर लुकलुकूं लागावा, आणि मगच संगणकाच्या ब्लूटूथच्या यादींत त्याचें नांव शोधावें. कित्येक जुन्या टेबलावरील संगणकांत ब्लूटूथ मुळीं नसतेंच; तेथें नखाएवढा एक यू.एस.बी. तुकडा लावावा लागतो. सर्वांत मोठा चोर मात्र घरांतच असतो. हेडसेट जुन्या ओळखीस धांवतो. वडिलांच्या खिशांतील मोबाइलशीं त्याची आधींच गांठ पडलेली असते, आणि इकडे मुलगा संगणकासमोर घामाघूम! ओळख पटल्यावरही आवाज येत नसेल, तर संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्यें ऐकण्यासाठीं व बोलण्यासाठीं हेडसेटचेंच नांव निवडलें आहे कीं नाहीं तें पाहावें.

आणखी एका गोष्टीनें पुष्कळांची फसगत होते. गाणें ऐकतांना गोड वाटणारा आवाज माइक सुरू होतांच जुन्या टेलिफोनसारखा घोगरा होतो. हा बिघाड नव्हे. जुन्या ब्लूटूथमध्यें केवळ ऐकण्याची वाट रुंद आहे; बोलणें व ऐकणें एकदम चालावयाचें तर अरुंद वाटेनें जावें लागतें. २०२२ साली पूर्ण झालेल्या नव्या पद्धतींत ही अडचण पुष्कळ कमी होते, पण त्यासाठीं दोन्ही यंत्रें नवीं हवींत. तोंवर हेडसेटवर ऐकावें व संगणकाच्या स्वतःच्या माइकवर बोलावें, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

हें ज्ञान अवघड नाहीं. तें सर्वांच्या हातीं जात नाहीं, एवढेंच आमचें गाऱ्हाणें आहे. कोणत्याही संगणकाच्या खोलींत पाहावें, तर दोन चलाख मुलें सगळीं यंत्रें जोडतात, आणि बाकीचीं, त्यांतही विशेषेंकरून मुली, आयता हेडसेट कानांवर चढवून बसतात. शिक्षकांचा वेळ वांचतो हें खरें, परंतु घरीं त्या मुलीच्या मदतीस कोण येणार? म्हणून जोडलेली ओळख मुद्दाम पुसून टाकावी, व प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें ती आपल्या हातांनीं पुनः जोडावी, असा एक तास वर्षांत ठेवावा. पालकांनींही घरीं मुलाच्या हातून वस्तु काढून घेऊन "सोड, तुला नाहीं जमायचें" असें म्हणूं नये.

इतकें सांगूनही परीक्षेच्या दिवशीं आम्ही तारेच्याच पक्षाचे आहों. तारेच्या साध्या हेडसेटला चार्जिंग लागत नाहीं, म्हणून आदल्या रात्रीं वीज गेली तरी त्याचें अडत नाहीं. त्याचा आवाज मागें रेंगाळत नाहीं, आणि किंमतही बेताची असते. ज्यांस बिनतारीच वापरावयाचा असेल त्यांनीं आदल्या दिवशीं त्याच संगणकावर, त्याच ॲपमध्यें, घरच्या कोणाशीं तरी दहा मिनिटें बोलून पाहावें. आणि प्रत्यक्ष मुलाखतीच्या घटकेपुरतें वडिलांनीं आपल्या मोबाइलचें ब्लूटूथ बंद ठेवावें.